घरीं जुळविलेली मोटार : कौतुक आणि जोखीम

शेतकऱ्याच्या घरीं मोडकें लोखंड सहसा वायां जात नाहीं. झिजलेल्या फाळाचें खुरपें होतें, मोटारीच्या तुटक्या कमानपाट्याचा कोयता होतो, सैल झालेली गाडीची धांव लोहार तापवून पुनः बसवितो. ही आपल्या गांवकारागिरीची जुनी रीत आहे, आणि तिच्यावरच आपली शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

हल्लीं ह्या रीतीस एक नवी फांदी फुटली आहे. जुन्या मोटारीचा सांगाडा, फटफटीचें इंजिन व रिक्षाचीं चाकें एकत्र जुळवून घरच्या घरीं चारचाकी गाडी तयार करणारे हुन्नरी लोक ठिकठिकाणीं पुढें येऊं लागले आहेत. आपल्या ठाणें जिल्ह्यांत तर ह्या कामाचें साहित्य हाताशींच आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत लोखंड कापणारे व सांधणारे कारखाने आहेत. कुर्ल्यास जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. इकडे मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडील लहान खातेदारास खत, पेंढा व भाजी वाहण्यापुरते बैल बारमहा पोसणें परवडत नाहीं, आणि नवा टेंपो घेणें झेपत नाहीं. पडवींत जुनी फटफटी मात्र धूळ खात पडलेली असते. अशा स्थितींत तिची गाडी करावी हा विचार मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखांत ह्या गाडीचा कारागिरी, यंत्र व कायदा अशा तीन बाजूंनीं विचार करावयाचा आहे. पैकीं तिसरी बाजू शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापर्यंत कशी येऊन पोहोंचते, हें बहुतेकांस ठाऊक नसतें. माझें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असल्यामुळें त्या बाजूविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें मीं आपलें कर्तव्य समजतों.

देवराष्ट्र्याची जीप

सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत देवराष्ट्रें नांवाचें गांव आहे. कै. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ सालीं ह्याच गांवीं झाला. येथील लोहारकाम करणारे कारागीर श्री. दत्तात्रय लोहार यांनीं आपल्या मुलाची हौस पुरविण्याकरितां भंगारांतील भाग जमवून एक लहानशी जीप तयार केली. तीस सुमारें ६० हजार रुपये खर्च आला. गाडीचा तोंडवळा जुन्या जीपसारखा, चालविण्याचें चक्र डाव्या हातास, आणि इंजिन सुरू करावयाचें तें फटफटीप्रमाणें पायानें किक मारून ! इ. स. २०२१ च्या डिसेंबरांत तिचीं चलच्चित्रें देशभर पसरलीं. महिंद्र उद्योगसमूहाचे अध्यक्ष श्री. आनंद महिंद्र यांनीं ह्या कारागिराची जाहीर प्रशंसा केली व त्या गाडीच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. पुढच्याच महिन्यांत, म्हणजे जानेवारी २०२२ मध्यें, ती लोहार कुटुंबास मिळाली.

ही हकीकत बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल. परंतु तिच्यांतील एक गोष्ट लोक विसरतात. श्री. महिंद्र यांनीं प्रशंसा करतांनाच असेंही स्पष्ट म्हटलें होतें कीं, ही गाडी कोणत्याही नियमांत बसत नाहीं, व आज ना उद्यां सरकारी अधिकारी ती रस्त्यावर चालूं देणार नाहींत. बोलेरो देऊं करण्याचें कारणही त्यांनीं हेंच सांगितलें. मूळ गाडी त्यांनीं मागितली ती आपल्या संशोधन केंद्रांत मांडून ठेवण्यासाठीं. म्हणजे मोटारी बांधण्याचा ज्याचा धंदा, त्यानें गाडीचें कौतुक केलें, पण तिची जागा रस्त्यावर न मानतां प्रदर्शनांत मानली. ह्यांत कारागिराचा कमीपणा मुळींच नाहीं. उत्तम हात असणें ही एक गोष्ट आणि त्या हातानें केलेली वस्तु सार्वजनिक रस्त्यास योग्य असणें ही दुसरी. ह्या दोहोंमधील भेद ओळखणें हेंच ह्या प्रकरणांतील सार आहे.

पूर्वीचे प्रयत्न

असले प्रयत्न म्हणजे पोरखेळ, असें समजण्याचें कारण नाहीं. देवराष्ट्र्यापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. तेथें १९१० सालीं कारखाना उभारणाऱ्या कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आरंभीं लोखंडी नांगर केले, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व नांगर खपेनात. आज त्या समजुतीचें हंसूं येतें. इचलकरंजीचे कै. शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं स्वतःच्या कल्पनेनें दोन माणसांची छोटी मोटार तयार केली व पुढें वीस वर्षांवर तिच्यांत सुधारणा करीत राहिले. ‘मीरा’ ह्या नांवानें ती ओळखली गेली. फटफटीप्रमाणें वाऱ्यानें थंड होणारें इंजिन व रबराची कमान हे तिचे विशेष होते. परंतु ती कारखान्यांत बनून बाजारांत कधींच आली नाहीं.

परदेशांतही हाच मार्ग अनेकांनीं चोखाळला. इंग्लंडांतील मॉर्गन कंपनीनें १९१० च्या सुमारास फटफटीचें इंजिन लावून तीन चाकांच्या मोटारी विकण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर पैशाची ओढाताण असतांना जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें १९५५ पासून ‘इझेट्टा’ नांवाची अंड्याच्या आकाराची मोटार काढली. तिला कंपनीच्या फटफटीचेंच इंजिन होतें. आपल्याकडे बजाज कंपनीच्या वाळूज येथील कारखान्यांत बनलेल्या ‘क्यूट’ ह्या चारचाकीचें इंजिनही सुमारें २१६ घन सेंटिमीटरचें, म्हणजे एखाद्या मोठ्या फटफटीएवढेंच आहे; आणि अशा गाडीकरितां सरकारनें २०१८ सालीं ‘क्वाड्रिसायकल’ हा वर्ग मोकळा केला.

तेव्हां लहान इंजिनावर चार चाकें चालविणें शास्त्राविरुद्ध नाहीं व कायद्याविरुद्धही नाहीं. मात्र ह्या कारखान्यांच्या गाड्या वजन, ब्रेक व वळण यांच्या हिशेबानें मुळापासून आंखलेल्या असतात. दोन निरनिराळ्या यंत्रांचे भाग जसेच्या तसे जोडल्यानें तो हिशेब आपोआप जुळत नाहीं.

यंत्रांतील अडचणी

(१) चाकें. फटफटी वळतांना कलते, त्यामुळें तिचा भार चाकाच्या पातळींतच राहतो. चारचाकी गाडी तशी कलत नाहीं. वळणावर तिच्या चाकांस बाजूनें रेटा बसतो. फटफटीचें तारेच्या आऱ्यांचें चाक हा रेटा सोसण्यासाठीं केलेलें नसतें. आरे एकेक करून ढिले होतात, आणि भरल्या गाडीखालीं चाक एकाएकीं मुडपतें.

(२) मागचा आंस. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर आपापलीं मोकळीं फिरतात. वळतांना बाहेरचें चाक अधिक व आंतलें कमी फिरलें तरी बिघडत नाहीं. परंतु इंजिनाची सांखळी एका आंसास लावून दोन्ही चाकें त्या आंसास घट्ट बसविलीं, तर वळणावर एका चाकास घसरावेंच लागतें. भाताच्या ओल्या खाचरांत हा दोष जाणवत नाहीं. डांबरी रस्त्यावर मात्र चक्र फिरविलें तरी गाडी सरळच जाऊं पाहते. ह्यासाठींच मोटारींत डिफरन्शियल नांवाची दांतेरी चाकांची पेटी असते. ती वगळून एकाच चाकास गति दिली, तर गाडी एका अंगास ओढते.

(३) ब्रेक. सामान्य फटफटी व तिच्यावरील दोन माणसें मिळून वजन अडीचशें किलोच्या आंतबाहेर भरतें. तिचा ब्रेक तेवढ्याच भारासाठीं असतो. लोखंडी सांगाडा, चार माणसें व दोन-चार पोतीं झालीं कीं हाच भार सहाशें किलोंवर जातो. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे गाडी थांबविण्यास लागणारें काम चौपट होतें. खांबाळपाड्याच्या किंवा शिळच्या गर्दीच्या रस्त्यावर गाडी वेळीं थांबली नाहीं तर पुढें काय होईल, हें सांगावयास नको.

(४) उष्णता. फटफटीचें इंजिन अंगावर येणाऱ्या वाऱ्यानें थंड होतें. तेंच पत्र्याच्या टपाखालीं कोंडलें कीं तापतें. म्हणून त्यावर पंखा बसवावा लागतो; रिक्षाच्या इंजिनास तो मुळांतच असतो.

(५) शक्ति व उलटी गति. शंभर घन सेंटिमीटरचें इंजिन सुमारें आठ अश्वशक्तींचें असतें. चढावर भरली गाडी ओढतांना त्याचा क्लच जळतो. आणि फटफटीस मागें जाण्याची गति नसल्यामुळें अरुंद बांधावर गाडी अडकली तर ती हातांनीं ढकलल्यावांचून गति नाहीं.

हे दोष हुशार कारागीर एकेक करून दूर करूं शकतो. परंतु ते खरोखर दूर झाले कीं नाहीं, हें कसोटीवांचून कळत नाहीं. सांधलेला जोड आज मजबूत दिसतो. सहा महिन्यांच्या हादऱ्यांनंतर तो कसा राहील हें डोळ्यांस दिसत नाहीं.

कायद्याची दृष्टि

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ अन्वयें नोंदणीवांचून कोणतेंही मोटार वाहन चालवितां येत नाहीं. नव्या नमुन्याची गाडी आधीं मान्य संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, पुण्याची ‘ए. आर. ए. आय.’ ही अशी एक संस्था होय. ही तपासणी कारखानदारासाठीं आहे. एकच गाडी करणाऱ्या कारागिराच्या आटोक्यांतील ती नव्हे. जुन्या मोटारीच्या किंवा फटफटीच्या नोंदणीवर ही गाडी चालविण्याची युक्ति कांहीं जण सुचवितात. परंतु कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील मूळ वर्णनाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं ह्या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला आहे. कल्याणच्या कचेरींतील ‘एम. एच. ०५’ असा क्रमांक फटफटीस मिळाला, तो त्या फटफटीपुरताच. तिच्या इंजिनावर उभारलेल्या चारचाकीस तो लागूं पडत नाहीं.

उत्तरेकडे पंपाचें इंजिन लांकडी गाड्यावर बसवून केलेल्या ‘जुगाड’ नांवाच्या गाड्या पुष्कळ चालत. हें मोटार वाहन नव्हेच, असा बचाव तेथें होत असे. सर्वोच्च न्यायालयानें मे २०१३ मध्यें तो फेटाळला व जुगाड हें मोटार वाहनच आहे, कायद्याच्या अटी पाळल्यावांचून तें रस्त्यावर येतां कामा नये, असें ठरविलें.

दंड पुढीलप्रमाणें आहेत. नोंदणी नसलेली गाडी चालविल्यास पहिल्या खेपेस २,००० ते ५,००० रुपये. बेकायदा फेरफार केल्यास प्रत्येक फेरफाराबद्दल ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. विमा नसल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. हौसेनें गाडी अल्पवयी मुलाच्या हातीं दिली व त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद.

सातबाऱ्यावर येणारा बोजा

दंडाची रक्कम ऐकून कित्येक जण म्हणतील, ‘‘पांच हजारच ना ? भरूं.’’ खरी जोखीम दंडांत नाहीं. ती अपघाताच्या नुकसानभरपाईंत आहे.

नोंदणी नाहीं म्हणजे विमा नाहीं. विमा नाहीं म्हणजे भरपाईचा सारा भार गाडीचा मालक व चालविणारा यांच्या शिरावर. फटफटीचा जुना विमा जिवंत असला तरी रूप बदललेल्या गाडीबद्दल विमा कंपनी हरकत घेते; एखादे वेळीं तिनें पैसे दिले तरी ते मालकाकडून परत वसूल करण्याची परवानगी ती मागते.

ही रक्कम केवढी होते, हें उदाहरणानें पाहूं. समजा, अशा गाडीची धडक बसून तीस वर्षांचा एक मजूर मरण पावला. त्याची मिळकत दरमहा १५,००० रुपये असून त्याच्यावर चार माणसें अवलंबून होतीं, आणि चूक सर्वस्वीं गाडीची शाबीत झाली. सर्वोच्च न्यायालयानें २००९ च्या सरला वर्मा व २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यांत घालून दिलेल्या रीतीनें हिशेब असा होतो :

मासिक मिळकत — १५,००० रु.
पुढील वाढीबद्दल शेंकडा ४० — ६,००० रु.
एकूण मासिक — २१,००० रु.
वार्षिक — २,५२,००० रु.
वजा, मृताचा स्वतःचा खर्च, चौथा हिस्सा — ६३,००० रु.
बाकी — १,८९,००० रु.
वयाप्रमाणें गुणक १७, म्हणून — ३२,१३,००० रु.

ह्यावर अंत्यविधि वगैरेंची रक्कम व व्याज निराळें. साठ हजारांच्या गाडीमागें बत्तीस लाखांची देणेदारी उभी राहते, ती अशी.

आतां ही रक्कम वसूल कशी होते ? त्याच कायद्याच्या कलम १७४ प्रमाणें, भरपाई मिळावयाची ज्याच्या पदरीं असेल त्यानें अर्ज केल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवितें, आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करितात. थकबाकीची ही वाट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्यें आंखून दिलेली आहे : प्रथम मागणीची नोटीस, नंतर जंगम मालाची जप्ती व विक्री, आणि तेवढ्यानें न भागल्यास स्थावराची जप्ती व लिलांव. शेतीचीं अवजारें, जरूर तेवढीं गुरें व बियाणें यांस जप्तींतून सूट आहे. जमिनीस ती सूट नाहीं. गांवचा महसूल अधिकारी, ज्याला आपण अद्याप तलाठीच म्हणतों, तो सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ सदरांत बोजा लिहितो. तेथून पुढें पीककर्ज, वांटणी, विक्री, सर्वच व्यवहार अडतात. मालक मयत झाला तरी वारसांच्या हातीं आलेल्या मिळकतीवर ही देणेदारी राहते.

कल्याण, अंबरनाथ, भिवंडी ह्या तालुक्यांत आज गुंठ्याचा भाव काय आहे हें वाचकांस सांगावयास नको. वाडवडिलांनीं जतन केलेली ती जमीन एका हौसेच्या गाडीस तारण ठेवल्यासारखी होते. आणि तारणाच्या कागदावर निदान आपण सही तरी करितों, येथें तीही लागत नाहीं.

दुसरी बाजूही येथें लक्षांत घ्यावी. वरील हिशेबांतील मजूर हा कोणी परका नव्हे. तो आपल्याच गांवचा, लावणीस व कापणीस आपल्याच बांधावर येणारा असतो. विमा नसलेल्या गाडीखालीं तो गेला तर त्याच्या मुलाबाळांस भरपाईसाठीं वर्षानुवर्षें हेलपाटे घालावे लागतात. कायदा विमा सक्तीचा करितो तो त्यांच्याकरितां.

हुन्नरास योग्य जागा

मग कारागिरानें हात बांधून बसावें काय ? मुळींच नाहीं. सौराष्ट्रांत अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगानी यांनीं १९९४ सालीं, बैल व मजूर दोन्ही दुर्मिळ झाले असतां, आपल्या बुलेट फटफटीचें मागचें चाक काढून त्या जागीं दोन चाकांचा सांगाडा व अवजारें धरणारा दांडा बसविला. ‘बुलेट सांती’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालेलें हें यंत्र कोळपणी, पेरणी व हलकी नांगरट करितें. अहमदाबादजवळील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था २००० सालीं अशाच लोकांसाठीं स्थापन झाली; तिच्या मदतीनें ह्या यंत्रास अमेरिकेंतही पेटंट मिळालें. आपल्या जळगांव जिल्ह्यांतील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनीं तर सायकलचा पुढील भाग वापरून ‘कृषिराजा’ नांवाचें कोळपें केलें. त्यास इंजिनही लागत नाहीं.

ह्या दोघांनींही हुन्नर शेताच्या कामीं लाविला. आपल्या भातखाचरांतही असें काम पुष्कळ पडलें आहे. खाचरें लहान, बांध अरुंद, चिखल खोल; मोठा ट्रॅक्टर तेथें शिरत नाहीं. चिखलणीचें, झोडणीचें किंवा पेंढ्याचे भारे खळ्यापर्यंत आणण्याचें हलकें यंत्र जो करील, तो आपल्या जिल्ह्यावर उपकारच करील. अशा कामांत दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा व कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा सल्ला घेतां येतो.

ज्या बंधूंस हें काम करावयाचें असेल, त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या :

(१) जुने भाग पावतीवांचून घेऊं नयेत. चोरीचा माल पदरीं पडल्यास कारागिरी बाजूस राहून पोलीस चौकी नशिबीं येते.

(२) आपली मोटार किंवा फटफटी कायमची मोडून तिचे भाग काढले असल्यास, चौदा दिवसांचे आंत नोंदणी कचेरीस लेखी कळवावें व नोंदणी रद्द करून घ्यावी. नांवावर राहिलेली नोंदणी पुढें त्रास देते.

(३) यंत्र केवळ शेतकामाचें अवजार म्हणून करावें. माणसें बसविण्याची सोय त्यावर ठेवूं नये. ज्या यंत्रावर बसायला जागा असते, तें आज ना उद्यां बाजारच्या रस्त्यास लागतें. कायद्यानें केवळ कारखाना किंवा बंदिस्त आवार यांतच वापरण्याजोग्या खास यंत्रास मोटार वाहनाच्या व्याख्येंतून वगळलें आहे. आपलें यंत्र त्यांत बसतें कीं नाहीं हें वापरापूर्वीं परिवहन कचेरींत लेखी विचारून घ्यावें.

(४) सांखळी, पट्टा व फिरता आंस ह्यांवर पत्र्याचें झांकण अवश्य घालावें. धोतर, लुगडें किंवा पदर अडकून होणारे अपघात शेतांतच होतात.

(५) मालवाहतुकीसाठीं गाडी खरोखरच हवी असेल तर दोघां-चौघांनीं मिळून नोंदणी व विमा असलेला जुना टेंपो घ्यावा. शेतीच्या यंत्रांकरितां सरकारी अनुदानाचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करितां येतात.

(६) कल्पना खरोखर नवी असेल तर ती आराखड्यासह राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे पाठवावी.

आपल्या तरुण मुलांच्या हातीं हुन्नर आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. घरांतील मुलगा जुनी फटफटी उघडून बसला म्हणजे वडील माणसांनीं त्याच्यावर रागावूं नये. इंजिन कसें चालतें हें त्यास नीट शिकूं द्यावें. मात्र यंत्र तयार झाल्यावर तें खळ्याच्या बाहेर डांबरी रस्त्यावर निघालें, कीं त्यास थोपविण्याचें कामही वडील माणसांचेंच आहे. कारण सातबारा त्यांच्या नांवावर आहे.